एक्स-रेच्या बाहुल्या

जेद्दाच्या बलदमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या बाजारपेठेत, खजुरांच्या दुकानासमोर एखादा पन्नाशीचा, सभ्य दिसणारा गृहस्थ भिंतीवर हाताच्या सावल्या नाचवत इंडोनेशियन यात्रेकरूंना अडवताना दिसला, तर घाबरू नका. ते आमचे शेजारी, डॉक्टर खानोलकर. निष्णात रेडिऑलॉजिस्ट आहेत.

“वायांग मासिह आदा?” असं ते विचारतात. म्हणजे, तुमच्याकडे ते सावल्यांच्या बाहुल्यांचं नाटक अजून आहे का? जावा बेटावरची ही जुनी कला कितपत टिकली आहे, याचं डॉक्टर संशोधन करतात. कुणी सांगितलं? कुणीही नाही. घर कुडाळला, नोकरी जेद्दाला आणि संशोधन जावाचं. जावाला ते अजून गेलेले नाहीत. जावाच उमऱ्यासाठी, म्हणजे मक्केच्या यात्रेला, इकडे येतं, मग तिकीट कशाला काढायचं, हा त्यांचा हिशेब.

एखादे आजोबा भरभरून सांगतात, एखादा पोरगा “युट्यूब, युट्यूब” म्हणत सटकतो. डॉक्टर दोघांचंही रेकॉर्डिंग करतात. तेवढा वेळ मी खजूर बघते. दुसऱ्याच्या वागण्याची लाज आपल्याला वाटावी, हा माझा जुना आजार. बलदमधला एकेक खजूर आता मला तोंडओळखीचा झाला आहे.

घरी बायकोलाही तेच. “मेधा, चहा मासिह आदा?”

“खलास!” मेधा आतून ओरडते.

जावात या बाहुल्या म्हशीच्या कातड्याच्या करतात. डॉक्टर एक्स-रे फिल्म कापून करतात, त्याही स्वतःच्याच, कारण पेशंटच्या फिल्मला ते हात लावणार नाहीत. त्यामुळे दिवा लागला की राक्षसाच्या पोटात डॉक्टरांचा झिजलेला मणका दिसतो. “राक्षसाला फार आपटू नका, स्लिप डिस्क होईल,” असं आमचे हे एकदा म्हणाले. डॉक्टर हसले नाहीत. पुढच्या खेळात राक्षस कमरेला पट्टा बांधून आला.

पण बारावीतल्या रेवाच्या शाळेने पालकांना करिअरबद्दल बोलायला बोलावलं, आणि घात झाला. त्यांच्या या एकुलत्या मुलीच्या वर्गात डॉक्टर रेडिऑलॉजीवर बोलायला उभे राहिले आणि त्यांनी पिशवीतून राक्षस काढला. पोरं खिदळली, शूटिंग करायला लागली. बाहेर आल्यावर रेवा म्हणाली, “बाबा, प्लीज! यू आर सो एम्बॅरसिंग.”

डॉक्टर तिच्या मैत्रिणींसमोर ओरडले, “बापाची लाज वाटते ना? मग बाप म्हणू नकोस!”

रेवाने अक्षरशः तेच केलं. बाबा म्हणणं सोडा, बोलणंच बंद. शाळा संपली, पुण्याला प्रवेश मिळाला, तिकीट आलं, तरी पोरगी बोलेना.

डॉक्टर एकदा आमच्याकडे येऊन मान खाली घालून बसले. “वहिनी, चूक माझी आहे हो. पण तिच्यासमोर गेलो की तोंडातून शब्द फुटत नाही. अशी अबोल्यातच गेली तर?” रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला गाठणारा हा माणूस स्वतःच्या मुलीच्या दारावर टकटक करायला लाजत होता. त्या दिवशी मला त्यांची लाज वाटली नाही. त्यांनाच ती इतकी वाटत होती, की माझ्या वाट्याला उरलीच नाही.

रेवा निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्हाला जेवायला बोलावलं. डॉक्टरांनी हॉलमध्ये चादर बांधली, दिवे घालवले आणि एक लहान दिवा घेऊन चादरीमागे बसले. जावाच्या खेळात एक गबाळा नोकर असतो. राजाला तोंडावर सुनावायचा हक्क फक्त त्याचा. तो आला आणि नाकातल्या आवाजात म्हणाला, “महाराज, यू आर अ डाँकी. पोरीने खरं सांगितलं, तर तिच्यावर खेकसलात! आता सॉरी म्हणा. यल्ला, चला लवकर!”

राजाने हात वर केला. आवाज मात्र येईना. सगळ्या पात्रांचे आवाज काढणाऱ्या डॉक्टरांना राजाचा आवाज सापडत नव्हता. मला इतकं कानकोंडं झालं, की मी पायांकडे बघत बसले.

रेवा उठली. मला वाटलं, खोलीत निघाली. ती चादरीमागे गेली. नोकराची सावली पुन्हा वर आली, तोच नाकातला आवाज, तोच ठसका. म्हणजे बंद दाराआडून पोरगी इतकी वर्षं बापाचे सगळे खेळ ऐकत होती. आईबापांना एरवी इंग्रजीत उत्तरं देणारी रेवा मराठीत म्हणाली, “महाराज, मी गेल्यावर तुमच्याशी कोण बोलणार हो?”

राजाचा हात खाली आला. मग डॉक्टरांचा स्वतःचा, साधा आवाज.

“कोणी नाही गं. चुकलो मी.”

मेधाचा हात हॉलच्या दिव्याच्या बटणापर्यंत गेला होता. तिने तो मागे घेतला.