तिला इचारलं का?

निमगाव केतकीच्या आमच्या शाळेत त्या काळी निघालेल्या जवळजवळ प्रत्येक फोटोत मधोमध एक काळी छत्री आहे. छत्रीखाली साडीचा काठ आणि दोन चपला दिसतात. त्या आमच्या कुसुमबाई. कुणी पोरांवर कॅमेरा रोखला, की बाई छत्री उघडून आडव्या उभ्या राहत.

"बाई, जरा बाजूला व्हा की."

"पोरांना इचारलं का?"

हा प्रश्न त्या कुणालाही करत. निकालाच्या दिवशी मार्क मोठ्यानं वाचत नसत, एकेकाच्या कानात सांगत. एकदा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "कच्च्या मुलांना उभं करा." बाई वर्गाकडं वळून म्हणाल्या, "पोरांनो, सायबांना कच्ची कोण ते बघायचंय. कुणाला दाखवायचं हाय का?" कुणी उठलं नाही. साहेबांनी शेरा लिहिला, 'वर्गात कच्चे कोणी नाही.' शिक्षकांच्या खोलीत आम्ही बाकीचे गुरुजी बाईंना 'इचारलंका' म्हणायचो. हसणाऱ्यांत माझा आवाज मोठा असे.

एका वर्षी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला शाळेत गणवेश वाटले. बाई त्या दिवशी इंदापूरला प्रशिक्षणाला गेल्या होत्या. मी नवा कॅमेरा घेतला होता आणि मध्ये छत्री नव्हती. चौथीतली पारू पुढं आली. तिच्या फ्रॉकची बाही फाटलेली होती. ती फाटकी बाही नीट दिसावी म्हणून मीच तिला जरा तिरकं उभं केलं.

पुढच्या आठवड्यात मी पाठवलेला तो फोटो साप्ताहिकात पहिल्या पानावर आला. खाली ओळ होती, 'निराधार बालिकेला मायेचं वस्त्र.' ओळ पेपरवाल्यांनी लिहिली, असं मी पुष्कळ दिवस सांगत होतो. 'निराधार' हा शब्द माझा होता.

चार दिवसांनी पारूचा बाप शाळेत आला. पूर्वी मेंढरं राखायचा, आता दुसऱ्याच्या रानात पाणी धरायचा. त्यानं पेपरची घडी माझ्या टेबलावर ठेवली.

"गुरुजी, मी जिता हाय न्हवं?"

मी म्हणालो, "अहो, त्यात काय एवढं? गावभर नाव झालं पोरीचं."

"व्हय. निराधार म्हणूनच हाका मारत्यात तिला समदी. घराभायेर पडंना."

तो भांडला नाही. पोरीचा शाळा सोडल्याचा दाखला मागितला आणि घेऊन गेला. पुढं ते बिऱ्हाड बारामतीकडं पिंपळीला गेलं.

कुसुमबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मात्र गावातल्या वाण्याच्या, भेळवाल्याच्या, न्हाव्याच्या दुकानात जाऊन तो अंक मागून आणायचा त्यांनी सपाटा लावला. भेळ बांधून दिलेलासुद्धा पुसून आणला. लोक हसायचे. मीही हसलो. शेवटी एका दुपारी मला राहवलं नाही.

"बाई, चुकलं माझं."

"मला कशाला सांगताय गुरुजी? पिंपळीला एसटी जाती."

मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत वर्ष काढलं. फोटोबद्दल पुढाऱ्यानं माझा नारळ देऊन सत्कार केला, तो मात्र मी जाऊन घेतला.

मग एकदा ओळखीचा कंडक्टर म्हणाला, "तुमच्या बाई दर रविवारी पिंपळीला असत्यात. कोण पाव्हणं हाय का तितं?" बाईंना पाहुणे असे कुणीच नव्हते, हे मला ठाऊक होतं. त्या रविवारी मी एसटीत बसलो.

वस्तीच्या कडेला पत्र्याचं घर होतं. दार लावलेलं. बाहेर दगडावर कुसुमबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. मांडीवर पुस्तक उघडं, आणि त्या बंद दाराला मोठ्यानं भूगोल वाचून दाखवत होत्या. पारूची आई शेण्या थापत होती. मला ओळखलं नाही तिनं. हळूच म्हणाली, "पोरगी कुणाम्होरं येत न्हाय. बाई म्हणल्या, येऊ नगं, नुसतं आईक. वरीस झालं."

बाई वाचत होत्या, "पुणे जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी नदी..." आणि थांबल्या. बराच वेळ थांबल्या. त्यांना कसली घाई नव्हती.

दाराआडून बारीक आवाज आला, "नीरा."

बाईंनी पान उलटलं.

मी आल्या पावली मागं फिरलो आणि फाट्यावर येऊन परतीच्या एसटीची वाट बघत बसलो.