दारावरचा डोंगर

सावंतकाकांनी माझ्या दारावर डोंगर चिकटवला. इथे आखातात, अल् घुब्रातल्या या बिल्डिंगमध्ये राहायला येऊन आम्हाला चारच दिवस झाले होते, आणि आमचं आडनाव डोंगरे. डोंगर चांगला ऐसपैस होता. तो बघून आमचे हे जे हसत सुटले, त्यांना त्या संध्याकाळी चहा मिळाला नाही.

समोरच्या फ्लॅटमधले काका मूळ मालवणचे, इथे जवळच बौशरला ड्राफ्ट्समन. वर्षभरापूर्वी त्यांच्या हाती मेक्सिकोतल्या जुन्या नाहुआत्ल चित्रलिपीचं पुस्तक लागलं आणि माणूस कामातून गेला. ते लोक म्हणे नाव चित्रातच काढायचे. मग काय, मोऱ्यांच्या दारावर मोर, वाघमाऱ्यांच्या दारावर बाण लागलेला वाघ. पहिल्याच दिवशी माझा फोन नंबर मागून घेतला, दोघा नवरा-बायकोचे दिले, आणि माझा दोन्ही फोनमध्ये डोंगर काढून सेव्ह केला.

"काका, सरळ डोंगरे लिहा की."

"वाचायचं नाय, बघायचं."

पुस्तकातल्या एका चित्रात माणसाच्या तोंडापुढे वेटोळं होतं. म्हणजे बोलणं. त्या लोकांत राजाला 'बोलणारा' म्हणत. मी म्हटलं, मी दिवसभर बोलते, मलाही एक काढा.

काका गंभीर झाले. "ते पद आहे. बिल्डिंगमध्ये एकच. दिलंय, खलास."

कोणाला, ते काही सांगेनात. मला राग आला, खोटं कशाला बोलू.

त्यांच्या बायकोचं, कमलकाकूंचं, वेगळंच. दार उघडायच्या, हसायच्या, मी नेलेला घावण्यांचा डबा घ्यायच्या, पण तोंडातून शब्द नाही. शिष्ट बाई, असं मी घरात म्हणूनही टाकलं.

गुरुवारी दुपारी काकूंचा फोन आला. पलीकडे कुणी बोलेना. धावत गेले तर किचनचा नळ तुटून पाणी हॉलभर. मी कॉक बंद केला, काकांना कळवलं. काकूंच्या हातातल्या फोनवर एकही अक्षर नव्हतं. वाघ, मोर आणि मी.

काका धापा टाकत आले. आधी काकूंचे हातपाय बघितले, मग मला म्हणाले, "गेल्या वर्षी मेंदूचा झटका आला. बोलणं गेलं, अक्षरंही गेली. चित्रं तेवढी कळतात."

मला माझीच लाज वाटली. फ्रिजवर कमळाचं एक चित्र लावलेलं होतं, शेजारी बाईचा चेहरा, आणि तोंडापुढे हे एवढं मोठं वेटोळं.

"अर्बाब आहे ती इथली, मालकीण," काका म्हणाले.

काकूंनी फडकं त्यांच्या हातात दिलं आणि सोफ्याखाली बोट दाखवलं. काका पँट दुमडून पुसायला बसले.