बेकरीसमोरची दोन बाकं

नगरपालिकेच्या सूचनाफलकावर लाँड्रीवाल्यांच्या मुलाचा फोटो लागला, त्या दिवशी बेकरीवाल्यांच्या पावाची पहिली खेप करपली. फोटोखाली लिहिलं होतं, 'चाळीस तरुणांची नावं मतदार यादीत नोंदवणारा आपला कार्यकर्ता.' पोरगा फोटोत हसत होता. बेकरीवाल्यांच्या मते जरा जास्तच हसत होता.

बेकरी आणि लाँड्री यांच्यात एकच भिंत होती आणि बावीस वर्षांची चुरस.

"काय हो, फलक बघितलात का?" लाँड्रीवाल्यांनी इस्त्री फिरवता फिरवता सहज विचारलं. सकाळपासून त्यांनी सहज विचारण्याची ही सातवी वेळ होती.

"कामात होतो. बघेन कधीतरी," बेकरीवाले म्हणाले. प्रत्यक्षात ते तीनदा बघून आले होते, त्यातलं एकदा चष्मा लावून.

घरी येताच त्यांनी मुलीला गाठलं. "बबडे, तुला अठरा होऊन सात महिने झाले. यादीत नाव घातलंस?"

"घालीन हो. आणि चारचौघांत बबडी म्हणत जाऊ नका."

"शेजारच्याने चाळीस नावं नोंदवली!"

"मग मी काय करू? एकेचाळिसावी होऊ?"

आपली मुलगी त्या पोराच्या यादीत! बेकरीवाल्यांच्या अंगावर काटाच आला. "खबरदार! तुझा अर्ज आपल्या दुकानातून जाईल."

"अर्ज दुकानातून जात नसतात, बाबा."

"आता जातील."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीसमोर फुटपाथवर एक टेबल आणि दोन लांब बाकं मांडली गेली. वर पाटी लागली, 'अठरा पूर्ण? अर्ज भरा, गरम बन खा.'

पहिल्या तासात अकरा जण आले. त्यातले सात शाळकरी होते, तिघांची नावं आधीच यादीत होती आणि अकरावे होते पोस्टमन. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. "मनाने तरुण आहे हो मी," म्हणत त्यांनी दोन बन संपवले. दुपारपर्यंत ट्रे रिकामे झाले आणि अर्ज भरला गेला शून्य. शेवटी बेकरीवाल्यांनी आत हाक मारली, "बबडे, ये गं बाई. कुणाला काय कागद लागतो, मला काही कळत नाही."

बबडी तोंड वाकडं करून आली. तिने आधी स्वतःचा अर्ज भरला आणि मग कागद बघितल्याशिवाय बन द्यायचा नाही, असा नियम केला. रांग एकदम आटोक्यात आली.

तिसऱ्या दिवशी एका मुलीने पेन खाली ठेवलं. "मत देऊन होतं काय? आमच्या गल्लीतला दिवा दोन वर्षं बंद आहे."

बबडीने तिच्याकडून गल्लीचा पत्ता लिहून घेतला. ती तडक प्रभाग कार्यालयात गेली, तक्रार लिहून दिली आणि रोज जाऊन विचारत राहिली. पाचव्या दिवशी दिवा लागला. तेव्हापासून पोरं बन खायला कमी आणि वाद घालायला जास्त यायला लागली. सकाळ-संध्याकाळ बाकं भरलेली.

एकेचाळिसावा अर्ज भरला गेला तेव्हा बेकरीवाल्यांनी अंगातला शर्ट काढला आणि बनियनवरच लाँड्रीत शिरले. शर्टाला इस्त्री हवी होती म्हणून नव्हे.

"एकेचाळीस झाले बरं का," शर्टावर इस्त्री फिरायला लागताच ते म्हणाले.

लाँड्रीवाल्यांचा हात जागच्या जागी थांबला. इस्त्रीसकट. शर्ट गेला, पण बेकरीवाल्यांना त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

आकडा चौसष्टावर पोचला. मतदानाच्या दिवशी बेकरीवाले मतदान केंद्रासमोर उभं राहून आपली पोरं मोजत होते. एकसष्ट भरली. उरलेल्या तिघांच्या घरी ते स्वतः गेले. एकाला अंथरुणातून उठवलं, दुसऱ्याला अर्ध्या दाढीने आणलं, तिसरीची आईशी चाललेली भांडणं मिटवली. केंद्र बंद व्हायला दहा मिनिटं उरली तेव्हा त्यांना आठवलं की स्वतःचं मत राहिलंय. सकाळच्या पिठाने माखलेल्या कपड्यांनीच धावत जाऊन रांगेत शेवटचा नंबर लावला.

पुढच्या महिन्यात प्रभागाची खुली सभा भरली. अधिकारी बाईंनी जाहीर केलं, "आज तरुणांनी आधी बोलायचं."

बबडी उठली. बेकरीवाल्यांनी शेजारच्या लाँड्रीवाल्यांना कोपराने ढोसलं. "आमची!"

"ओळखतो मी," लाँड्रीवाले म्हणाले.

"आमच्या रस्त्यावर फुटपाथ अडलाय," बबडी म्हणाली. "एक टेबल आणि दोन बाकं. काठी टेकत येणाऱ्या आजींना, बाबागाडी ढकलणाऱ्या आयांना रस्त्यात उतरावं लागतं. परवा एक आजी स्कूटरखाली येता येता वाचल्या. चौसष्ट सह्यांचा अर्ज आणलाय."

"बाकं कोणाची?"

"माझ्या बाबांची."



"त्यांना सांगून बघितलंस का?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"दोनदा. ते अर्ज मोजत होते. म्हणाले, काय ते लेखी दे."

बेकरीवाले उभे राहिले. आपणच गोळा केलेली चौसष्ट पोरं आपल्याकडेच बघतायत, हे त्यांना मान वर न करताही कळत होतं. "उद्या सकाळी उचलतो," ते कसंबसं म्हणाले आणि खाली बसले. कानशिलं तापली होती. आता लाँड्रीवाले हसणार, आणि पुढची बावीस वर्षं हसणार.

पण शेजारून आवाजच येईना. त्यांनी हळूच बघितलं. लाँड्रीवाल्यांचा चेहरा पार उतरला होता.

"चौसष्ट सह्या," ते पुटपुटले. "आणि त्याही सख्ख्या बापाविरुद्ध! आमचा पोरगा चांगला आहे हो, पण त्याच्यात ही धमक नाही."

बेकरीवाल्यांची पाठ आपोआप ताठ झाली. "घरचे संस्कार असतात," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पहिलं बाक आत नेलं. दुसरं उचलायला बाहेर आले, तर लाँड्रीवाले इस्त्रीचं भलंमोठं टेबल ओढत ओढत फुटपाथच्या बरोबर मधोमध आणत होते. टेबल आडवं लावून, घाम पुसून त्यांनी आपल्या दुकानाकडे तोंड केलं आणि पोराला हाक मारली,

"अरे, बाहेर ये जरा! बघ बरं, तुला इथे काही खटकतंय का?"