उच्च मितींतला गुडघा

चॉक हातात घेताना बाईंनी मनोमन एकच मागणं मागितलं: शेवटी कुणीतरी एखादा प्रश्न विचारू दे. आईच्या आजारपणात त्यांचं गणित कितीतरी वर्षं कपाटात पडून होतं. आई गेल्यावर रिकाम्या घरात ते बाहेर निघालं. सिद्धता पुरी झाली, तेव्हा सांगायला समोर फक्त फ्रिज होता. त्याची घरघर म्हणजेच हुंकार, असं मानून बाईंनी दिवस काढले होते.

आज विद्यापीठात पुनरागमनाचं पहिलं व्याख्यान. पाय सवयीने पहिल्या मजल्यावरच्या जुन्या खोलीकडे वळले. विभाग केव्हाच वर हलला होता. ते कळवायचं कुणाला सुचलं नाही आणि विचारायचं बाईंना. खोली भरलेली पाहून त्यांना भरून आलं. सगळी डोकी पांढरी. 'आपल्यासारखेच सगळे म्हातारे झाले,' असं म्हणत त्या फळ्याकडे वळल्या.

ही होती निवृत्त कर्मचाऱ्यांची मंडळी. त्यांना गुडघेदुखीवर बोलणाऱ्या डॉक्टरीणबाई हव्या होत्या.

"सुरुवात जरा रुक्ष वाटेल हं," बाई म्हणाल्या.

"चालेल की," पुढचे आजोबा म्हणाले, "इलाज शेवटी सांगा."

थट्टा समजून बाई हसल्या. फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. गणिताच्या व्याख्यानात काही कळलं नाही तर उठून जायचं नसतं, मान डोलवायची असते. ही मंडळीही डोलवत होती. गुडघा आत्ता येईल, मग येईल!

"तुला कळतंय का गं?" मागच्या आजी कुजबुजल्या.

"गप बस. फार शिकलेल्या दिसतात," शेजारीण म्हणाली.

अखेर बाई थांबल्या. "काही प्रश्न?"

कुणी हलेना. बाईंचा चेहरा उतरला. मग आजोबांनी हात वर केला. "एवढं सगळं तुम्ही एकटीनं केलंत?"

"आई होती. शेजारच्या खोलीत." बाईंनी हातावरची चॉकची पूड झटकली. "आता एकटीच."

"मग येत जा आमच्यात. गुडघ्याचं बघू सावकाश."

"कुणाच्या गुडघ्याचं?"

उलगडा झाला तशा बाई धापा टाकत वर पळाल्या. शिपायाने 'व्याख्यान वर आहे' म्हणून पिटाळलेल्या डॉक्टरीणबाई तिथे फळ्यावरच्या गुडघ्याशेजारी उभ्या होत्या. समोर गणितज्ञ माना डोलवत होते. विभागप्रमुख उठले. कुठल्याही व्याख्यानानंतर ते एकच प्रश्न विचारत.

"सुंदर! पण हे उच्च मितींत खरं राहतं का?"

"वजन आटोक्यात ठेवलं तर राहील," डॉक्टरीणबाई गोंधळून म्हणाल्या.

"अर्थातच!" प्रमुखांनी ते टिपून घेतलं. बाईंना ईमेलपलीकडे ओळखणारं तिथे कुणी उरलं नव्हतं. दारात त्यांना पाहून प्रमुख म्हणाले, "डॉक्टर ना? तुमची मंडळी खालच्या मजल्यावर आहेत."

बाईंनी मागे वळून जिन्याकडे पाहिलं. "हो," त्या म्हणाल्या, "खालीच आहेत."

खाली अजून कुणी उठलं नव्हतं. फळाही तसाच होता.

"आणखी काही प्रश्न?" बाईंनी भीतभीत विचारलं.

"आहे ना," मागच्या आजी म्हणाल्या. "मघाशी भीड वाटली. पहिल्या ओळीपासून परत सांगाल?"