दशरथभाऊंचं भेदरं

टमाटर विकत घेण्याआधी स्वतःवर प्रयोग करणारा माणूस आमच्या ब्रह्मपुरीच्या बाजारात एकच, माझे शेजारी दशरथभाऊ. ढिगातला एक उचलायचा, शर्टाला पुसून कच्चाच खायचा आणि रिकामी पिशवी घेऊन घरी जायचं. पोट शाबूत राहिलं तर दुसऱ्या दिवशी येऊन भाजीवाल्या विमलबाईला म्हणणार, "कालच्याच ढिगातले दे." कालचा ढीग केव्हाच संपलेला असायचा. मग आजचा एक खाऊन भाऊ पुन्हा घरी. शेवटी विमलबाईच बिचारी त्यांच्यासाठी अर्धा किलो बाजूला ठेवू लागली. भाऊ एक नंबरचे फुकटे, असा बाजाराचा निकाल होता.

"युरियानं फुगलेलं पानी हाय हे," ते मला समजावत. औषध मारमारून साल चपलेसारखी होते आणि आंबटपणा जातो, हे त्यांचं ठाम मत. पुरावा म्हणून एक टमाटर खिडकीत ठेवला होता. तो काही केल्या सुरकुतेना. त्याचं नाव जावईबापू. दिसायला लालबुंद, कामाचा काही नाही आणि घरातून हलत नाही. दिवाळीला खरे जावई आले, तेव्हा तो गुपचूप कपाटात गेला.

परसात त्यांनी भेदरं लावली होती, आमच्याकडचे लहान, आंबट, गावठी टमाटर. खत फक्त शेणाचं. अळ्या भाऊ हातानं वेचत आणि एकेकीला नावानिशी शिव्या देत.

थंडीत पहिली भेदरं पिकली. मी गेलो तेव्हा निखाऱ्यावर भाजलेल्या भेदरांची चटणी झाकून ठेवलेली, आणि भाऊ एक कच्चं खाऊन ओसरीवर पोटावर हात ठेवून वाट पाहत बसलेले. घरच्या मालाची कसली परीक्षा, म्हणून मी हसलो. त्यांनी कुंपणापलीकडचं वावर दाखवलं. तिथे काल फवारणी झाली होती.

"वारा इकडंच येते, मास्तर."

विष असं एका दिवसात कळत नाही, मी म्हणालो.

"समजते मले. पन हिच्या तोंडाले चवच नाई. बिमारीपासून भेदराच्या चटनीबिगर घास उतरत नाई." त्यांनी आत, बायकोच्या खोलीकडे पाहिलं. "मले काई झालं त पाहाले ही हाय. हिले झालं त मी कोनाकडं पाहू?"

बाजाराचा निकाल मला आठवला आणि लाज वाटली. तेवढ्यात आतून सुमनबाई म्हणाल्या, "मास्तर, त्याइले सांगा, उठा म्हनावं. त्याइनं खाल्लं तवाच मीबी चटनीभात खाल्ला."

भाऊ धडपडत आत गेले. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "भात किती खाल्ला?"