कासव निघालं समुद्राला

पूर्णा स्टेशनात गाडीत चढताना तात्यारावांच्या हातात दोन पिशव्या होत्या. दोन्ही एकाच साडीच्या दुकानाच्या, दोन्हींच्या तोंडाला गाठ. पुढचं सगळं रामायण इथूनच सुरू झालं.

एका पिशवीत त्यांची सून राजेश्री हिनं केलेलं कासव होतं. राजेश्री शाळेत विज्ञान शिकवायची. गंगाखेडला शिक्षकांचं प्रदर्शन होतं, त्यासाठी तिनं रिकाम्या बाटल्या जोडून परातीएवढं कासव केलं होतं. पोटाला झाकण, झाकण काढलं की आत दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, कॅरीबॅगा. समुद्रातलं कासव तरंगणारी कॅरीबॅग जेलीफिश समजून गिळतं आणि भरल्या पोटी उपाशी मरतं, हे तिला दाखवायचं होतं. निवड झाली तर पुढचं प्रदर्शन रत्नागिरीला. राजेश्रीनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पोरांना भरती-ओहोटी शिकवताना तिला मनातून फार लाज वाटायची.

दुसऱ्या पिशवीत सासूबाईंनी, म्हणजे कुसुमबाईंनी, दसऱ्यापासून साठवलेलं निर्माल्य होतं. शेजारणींनीही आपापलं त्यात कोंबलं होतं. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि गंगेवरून जाणारा माणूस रिकाम्या हातानं जात नाही.

"आवं, गाठ सोडू नका बरं," कुसुमबाईंनी नवऱ्याला बजावलं होतं. "तशीच्या तशी टाका. देवाचं हाय, सांडू नये."

पोखर्णी स्टेशन गेलं आणि शेजारी बसलेल्या राजेश्रीला डुलकी लागली. गाडी पुलावर चढली. तात्याराव रेल्वेतून रिटायर झालेले, हा पूल त्यांच्या पायाखालचा. ते दारात उभे राहिले, डोळे मिटून पिशवी कपाळाला लावली आणि दिली सोडून. जरा हलकी लागली खरी, पण वाळलं असेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये राजेश्रीनं उरलेली पिशवी सोडली. झेंडूचे वाळके हार, फुटका नारळ, उदबत्तीचे पुडे.

"मामा, हे काय?" तिनं सासऱ्यांना विचारलं.

तात्यारावांचं तोंड एवढंसं झालं. "पोरी, लय वाईट झालं माझ्या हातून. तुझं कासव मी गंगेला वाहिलं."

राजेश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यातच हसूही फुटलं. "माझ्या आधी तेच निघालं की समुद्राला."

"बाटल्याचं हाय, बुडायचं न्हाई ते. परीक्षक यायला येळ हाय अजून. चल नदीवर."

घाटावर गर्दी होती. पायरीवर कासव बसलेलं. पाठीवर हळदकुंकू, गळ्यात हार, बाटलीच्या बुचाच्या फटीत उदबत्ती खोचलेली. शेजारी फुलं विकणाऱ्या चांगुणाबाई पदर घेऊन बसल्या होत्या. पाण्यात पिशवी फाटून ते वर आलं, तेव्हा त्यांनाच आधी दिसलं होतं.

"मावशी, हे कासव माझंय," राजेश्री म्हणाली.

"तुझं कसं? गंगंतून आपल्या पायानं आलंय."

"मला ते प्रदर्शनाला न्यायचंय ओ."

"देवाला कुटं प्रदर्शनाला नेतेत का? पिंडीम्होरं असतंय, तसंच हाय बघ."

"पण हे बाटल्यांचं आहे."

"दगडाचा देव चालतो तुला, मग बाटल्याचा कामून चालंना?"

राजेश्रीनं वाकून नमस्कार केला, कासव हलकेच उलटं केलं आणि पोटाचं झाकण काढलं. दुधाच्या पिशव्या, पुड्या, कॅरीबॅगा भराभरा पायरीवर पडल्या. समुद्रातली कासवं कशी मरतात ते तिनं चार वाक्यांत सांगितलं. पुढं उभ्या असलेल्या एकानं गुटख्याची पुडी सावकाश खिशात घातली.

"देवाच्या पोटात ही घाण घातली तरी कुणी?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"आपुनच की," तात्याराव खाली बघत म्हणाले. "मी तर आज आख्खं कासवच टाकलं."

चांगुणाबाईंनी पडलेलं एकेक उचलून परत पोटात भरलं. "ने बाई. हार तेवढा काढू नको."

म्हणून कासव हळदकुंकवासकट परीक्षकांपुढं गेलं. हार कशाचा, असं त्यांनी विचारलं. राजेश्रीनं खरं काय ते सगळं सांगितलं. परीक्षक पोट धरून हसले, मग त्यांनी झाकण काढून पोटातलं एकेक नीट बघितलं, आणि त्यांनी तिचं नाव रत्नागिरीसाठी लिहून घेतलं.

परतताना गाडी पुलावर आली, तरी निर्माल्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलेले तात्याराव जागचे हलले नाहीत.

घरी कुसुमबाईंनी सगळं ऐकलं. समुद्रातलं कासव कसं मरतं इथं त्यांनी डोळ्याला पदर लावला, रत्नागिरीचं ऐकून सुनेवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. "माझी सून समुद्र बघणार. लय चांगलं झालं माय."

मग नवऱ्याच्या हातातली पिशवी काढून घेऊन त्यांनी ती राजेश्रीच्या हातात ठेवली.

"समुद्राला चाललीसच, तर एवढी तेवढी घेऊन जा. गंगा काय आन् समुद्र काय, शेवटी जायचं तितंच. गाठ मातर सोडू नको."