एका मिलिमीटरचं भोक

बायको, अरुणा, सातासमुद्रापार कोक्विटलामला येईल तेव्हा घरात सिगरेटचं थोटूकसुद्धा सापडणार नाही, असं उन्मेष टेंबेनं तिला छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. दंडाला पॅच लावणार नाही, गोळ्या चघळणार नाही. विजेवर चालणारी, बिनतंबाखूची सिगरेट मागवणार आणि ती सुधारून घेणार. पंचवीस वर्षं पंपांची डिझाइनं करणाऱ्या माणसाला वीतभर नळी जड जाते की काय! अरुणा पुण्याला लेकीच्या, ऊर्मीच्या, बारावीत अडकली होती. ती फक्त "बरं" म्हणाली.

२०१० चा मार्च होता. ऑलिंपिकची गर्दी ओसरून गाव पुन्हा पावसात भिजत पडलं होतं. उन्मेषचं बोलणं आठवड्याकाठी दोन वाक्यांवर आलं होतं. सोमवारी ऑफिसात कुणी वीकएंड कसा गेला म्हणून विचारायचं आणि तो "गुड" म्हणायचा. मग शुक्रवारी कुणी वीकएंडचा प्लॅन विचारायचं आणि तो "नथिंग मच" म्हणायचा. बाकी पाच दिवस टाउनहाउसच्या चार भिंती आणि फ्रीजची घरघर.

म्हणून त्या नळीत त्यानं जीव ओतला. आत एक बॅटरी, एक तापणारी तार आणि थोडंसं गोडसर पाणी. ओढलं की वाफ. पण एक सुधारावं तर दुसरं बिघडायचं. बॅटरी लहान ठेवली तर दहा झुरक्यांत मान टाकायची, मोठी बसवली तर सिगरेट ओढतोय की सायकलचा पंप, ते कळेना. तार जास्त तापवली की वाफ भरपूर, पण चव करपलेल्या दुधाची. कमी तापवली की चव बरी, पण वाफेचा पत्ता नाही. सगळ्यात चिवट होतं हवेचं भोक. मोठं ठेवलं तर रिकामा पाइप ओढल्यासारखं वाटायचं. तीन रविवार खर्ची घालून त्यानं पितळेची बारीक चकती केली आणि तिला बरोबर एक मिलिमीटरचं भोक पाडलं. पहिला झुरका घेतला आणि डोळे मिटले. हुबेहूब सिगरेट.

खरी सिगरेट ओढायला त्याला सोसायटीच्या, म्हणजे तिथल्या भाषेत स्ट्रॅटाच्या, नियमाप्रमाणे पार रस्त्यावर जावं लागायचं. आता धूरच नव्हता, त्यामुळे तो मागच्या अंगणातल्या छपराखाली आरामात खुर्ची टाकून बसू लागला.

दुसऱ्याच संध्याकाळी कुंपणाच्या झुडपातून एक म्हातारा तपकिरी कुत्रा आला आणि उन्मेषच्या पायावर हनुवटी टेकून बसला. शेजारच्या जॉयसबाईंचा मर्फी. उन्मेष हलला नाही. पाय बधिर झाला तरी हलला नाही. रविवारी स्काइपवर त्यानं अरुणाला सांगितलं की इथल्या एका कुत्र्याला आपला फार लळा लागलाय. ती म्हणाली, चावत नाही ना, एवढं बघा.

आठवडाभरात आणखी दोन कुत्री यायला लागली. एक तर दोन गल्ल्या पलीकडून, गळ्यात तुटका पट्टा घेऊन. उन्मेषला स्वतःविषयी हळूहळू काहीतरी चांगलं वाटायला लागलं. मुक्या प्राण्यांना माणूस कळतो, असं तो आरशात बघून म्हणालासुद्धा.

मग एका सकाळी जॉयसबाई दारात उभ्या राहिल्या. सत्तरीच्या, ताठ, रेनकोटची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. तुम्ही माझ्या कुत्र्याला काय खायला घालता, असं त्यांनी विचारलं. उन्मेषनं शपथेवर नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. चार दिवसांनी स्ट्रॅटाचं पत्र आलं: परवानगीशिवाय घरात कुत्र्यांचं पाळणाघर चालवल्याबद्दल खुलासा करावा.

बैठक क्लबहाउसमध्ये होती. उन्मेष टाय लावून गेला. समोर सेक्रेटरी ऍलन, तिशीतला, आणि सहा सभासद. कोपऱ्यात जॉयसबाई. खुलासा सुरू करण्याआधी उन्मेषनं परवानगी मागून नळीचा एक झुरका घेतला. ऍलननं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"ती शिट्टी बंद करा आधी," तो म्हणाला.

"कसली शिट्टी?" उन्मेषनं विचारलं.

ज्यांचं वय चाळीसच्या आत होतं त्या सगळ्यांना ती ऐकू येत होती. पंपांच्या आवाजात उमेदवारी केलेल्या उन्मेषच्या कानांना तेवढं उंच पट्टीतलं काही ऐकू येणं केव्हाच थांबलं होतं. बाहेर कुणाचा तरी कुत्रा दारावर पंजे मारायला लागला. खोलीभर हशा पिकला, पत्र मागे घेतलं गेलं, ऍलननं पाठ थोपटली. उन्मेषही हसला. पण घरी येऊन त्यानं टाय सोडला आणि बराच वेळ बिछान्यावर तसाच बसून राहिला. लळा-बिळा काही नव्हता. भोक होतं.

शनिवारी त्यानं ते दोन मिलिमीटर केलं. शिट्टी गेली, झुरक्याची मजाही गेली. तरी सवयीनं तो छपराखाली जाऊन बसला. दोन कुत्री आली नाहीत. मर्फी आला आणि पायावर हनुवटी टेकून बसला.

पाठोपाठ जॉयसबाई आल्या. उन्मेष घाईघाईनं उठून सांगायला लागला की शिट्टी बंद केली आहे, हवं तर नळी तपासा, आता मर्फी का येतो ते देवालाच ठाऊक.

"त्याला काहीच ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या. "दोन वर्षं झाली."

"मग तुम्ही बैठकीत बोलला का नाहीत?"

"शिट्टी असेल तर बरं, असं वाटलं मला. नाहीतर तो मला सोडून तुमच्याकडे का येतो, याचं उत्तर शोधावं लागलं असतं."

त्या वाकल्या आणि उन्मेषच्या जाकिटाची बाही नाकाशी नेली. इथे आल्यापासून रस्त्यावर सिगरेट ओढायला जाताना त्यानं हेच जाकीट घातलं होतं.  मग बाई म्हणाल्या की त्यांचे पती हेरॉल्ड चाळीस वर्षं सिगरेट ओढायचे, गेल्या ऑक्टोबरात वारले, आणि त्यांचे सगळे कपडे आपण त्याच आठवड्यात धुऊन देऊन टाकले. घाई झाली.

उन्मेषनं आतून दुसरी खुर्ची आणली. पाऊस लागला होता. 

"हे जाकीट धुऊ नका," बाई म्हणाल्या.

"मी नाही धुणार," उन्मेष म्हणाला. "पण जूनमध्ये माझी बायको येतेय."

बाईंनी मर्फीकडे पाहिलं, मग बोटांवर जूनपर्यंतचे महिने मोजले आणि चहा टाकायला सांगितला.